साडेचार लाखांत जुनी गाडी, पण मागे आयसोफिक्स हवंच. कुठली बघू?

भांडुपची_आई

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे झाले गाड्या बघतेय. आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे विचारते.

मुलगी अकरा महिन्यांची आहे, वजन नऊ किलो. घरची गाडी २०११ची वॅगनआर, एमएच ०३, सासऱ्यांनी घेतलेली. तक्रार काही नाही तिच्याबद्दल, पण पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरतायत आणि नवरा म्हणतो, आता तिच्यावर खर्च नको. शिवाय खरं कारण वेगळं आहे. बहिणीची मुलगी मोठी झाली म्हणून तिने तिची कारसीट आम्हाला दिली. पाळण्यासारखी, उलटी बसवायची, तेरा किलोपर्यंत चालणारी. खाली वेगळा बेस आहे, त्याला मागे दोन जबडे आणि पुढे जमिनीला टेकणारा एक पाय. ते जबडे गाडीच्या सीटमधल्या दोन कड्यांना धरतात, त्या सोयीलाच आयसोफिक्स म्हणतात. वॅगनआरला कड्याच नाहीत. बेस बाजूला ठेवून नुसता पाळणा पट्ट्याने बांधायचीही सोय आहे, पण आमच्या गाडीचा पट्टा पाळण्याला वळसा घालून येतो आणि बकलपासून चार बोटं आधीच संपतो. नवऱ्याने श्वास रोखून ओढून बघितला, लग्नातली पँट लावतात तसा. नाही पुरला.

गणपतीला संगमेश्वरला जायचंय. मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांना जायचं असतं त्यांना माहीत आहे. सासूबाईंचं म्हणणं, "माझ्या मांडीवर तीन पोरं गावाला गेली नि आली, हिला काय होतंय?" त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय. गाडीच बदलते म्हटलं.

तर बजेट साडेचार लाख, ट्रान्सफर वगैरे धरून. पेट्रोल किंवा सीएनजी. सोसायटीत पार्किंग दोन खांबांच्या मध्ये आहे, त्यामुळे चार मीटरच्या आतलीच गाडी.

अडचण अशी की आयसोफिक्स आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. वेबसाइटवर त्या रकान्यात टिक असते, पण ती मॉडेलच्या नावावरून आपोआप पडलेली दिसते. एकाच जाहिरातीत आयसोफिक्स "आहे" आणि खाली एअरबॅग "नाही" असंही बघितलं. डीलरला फोन करावा तर वेगळीच गंमत. ठाण्याच्या एकाला विचारलं, "आयसोफिक्स आहे का?" तो म्हणाला, "एसी एकदम फिक्स आहे मॅडम, आत्ताच गॅस भरलाय."

आणि एलबीएस रोडवर सीट कव्हर लावणारा एक जण म्हणतो, "गाडी कशाला बदलता, दोन रॉड वेल्ड करून देतो, पंधराशे." नवऱ्याचं मन तिथे अडकलंय. त्यालाही काहीतरी सांगा.

कुठलं मॉडेल, कुठल्या सालापासून, आणि समोर उभी असलेली गाडी तपासायची कशी?

---

मुलुंड_चेकनाका

आयसोफिक्सचा एवढा बाऊ नको. पट्ट्याने बसणारी चांगली सीट घ्या, सहा-सात हजारांत येते, आणि पट्टा पुरेल अशी कुठलीही गाडी घ्या. पट्ट्याने नीट आवळलेली सीट ही कड्यांत अर्धवट अडकलेल्या सीटपेक्षा कधीही बरी. कड्यांचा फायदा इतकाच की चूक व्हायला जागा कमी.

टियागो बघितली का? गाडी मजबूत आहे, ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था) मोठ्यांसाठी चार तारे आहेत. माझी २०१९ची आहे. पण आधीच सांगतो, माझ्या गाडीत कड्या नाहीत, आम्ही पट्ट्यानेच लावतो.

---

निवृत्त_सर्व्हेयर

ताई, मी एकतीस वर्षं मोटर इन्शुरन्सचे सर्व्हे केले. आपटलेल्या आणि बुडालेल्या गाड्या बघण्यातच नोकरी गेली. जरा सविस्तर लिहितो, वेळ आहे माझ्याकडे.

आधी तुमच्या यजमानांसाठी, वेल्डिंगवाल्याचा विषय. गाडी ताशी ५० किलोमीटरने जातेय म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर आपटून ती एक दशांश सेकंदात थांबली असं धरा. मग आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या चौदा पट जोर येतो. नऊ किलोची पोर त्या क्षणाला सव्वाशे किलोच्या पोत्यासारखी पुढे ओढ घेते. सीट आणि बेस यांचं वजन दहा-बारा किलो धरा, त्याचाही चौदा पट. हे सगळं त्या दोन कड्यांवर. कारखान्यात त्या कड्या गाडीच्या सांगाड्यात धरलेल्या असतात आणि त्यांची ओढून चाचणी झालेली असते. एलबीएस रोडवरचा माणूस रॉड कशाला वेल्ड करणार? सीटच्या फ्रेमला, नाहीतर पातळ पत्र्याला. वर त्या उष्णतेने मूळ पत्रा कमजोर होतो तो वेगळाच. आणि याच गणितात सासूबाईंच्या मांडीचं उत्तर आहे. सव्वाशे किलो हातांनी धरून ठेवणारा पैलवान मी तरी पाहिलेला नाही. त्यांना असं सांगू नका, वाईट वाटेल. पण यजमानांना जरूर सांगा. ऑनलाइन बोल्ट लावायच्या पट्ट्या मिळतात, त्यांनाही हेच लागू.

आता मॉडेल. पंधरा-सोळा सालापर्यंत आपल्याकडच्या लहान गाड्यांत कड्या असल्याच तर वरच्या व्हेरियंटला. जानेवारी २०१४ला ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या साध्या मॉडेलचे निकाल जाहीर केले आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यानंतर कंपन्या हळूहळू हलल्या. तुमच्या बजेटात बसतील अशा, आणि सगळ्या व्हेरियंटना कड्या दिलेल्या, मला खात्रीने माहीत असलेल्या गाड्या थोड्याच आहेत. टोयोटा इटिऑस आणि लिव्हा, सप्टेंबर २०१६मध्ये बदलून आल्या तेव्हापासूनच्या. इग्निस जानेवारी २०१७पासून, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच. डिझायर मे २०१७ला आलेल्या नव्या आकाराची. स्विफ्ट फेब्रुवारी २०१८च्या नव्या आकाराची. होंडा सिटीला २०१७च्या फेसलिफ्टपासून आहेत, पण ती तुमच्या खांबांत मावायची नाही. या सगळ्यांना दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) सरसकट आहे, तेही तितकंच महत्त्वाचं.

लोकांचा एक गैरसमज असतो की जुलै २०१९ला सरकारने नियम आणले, तेव्हा त्यानंतरच्या प्रत्येक गाडीत सगळं असणार. त्या नियमांत ड्रायव्हरची एअरबॅग, पट्ट्याची घंटी, वेगाची घंटी, रिव्हर्स सेन्सर होतं. मुलांच्या सीटच्या कड्या नव्हत्या. तेव्हा सालावर जाऊ नका.

सालाचा आणखी एक घोळ. लोक सांगतात "२०१७ची पासिंग". पासिंग कधी झालं याला अर्थ नाही, गाडी बनली कधी ते बघा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल असतं. मॉडेल बदलतं तेव्हा जुना स्टॉक महिनोन्महिने विकला जातो.

तपासायचं हाताने. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत चार बोटं घाला, दोन्ही दारांकडच्या जागांवर. सहा मिलिमीटर जाडीच्या, पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक अशा दोन आडव्या सळया लागायला हव्यात. एकीच्या मध्यापासून दुसरीचा मध्य २८० मिलिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर तीन-चार बोटं. हे माप जगभर एकच आहे, आयएसओ १३२१६, म्हणूनच कुठल्याही कंपनीची सीट कुठल्याही गाडीत अडकते. एकच सळी लागली तर ती कडी नव्हे, सीटच्या फ्रेमचा भाग असेल. बऱ्याच गाड्यांत तिथे छोटं लेबल किंवा प्लास्टिकचं बटण असतं. पण मुंबईत जुन्या गाडीवर कव्हर नसेल असं होत नाही, आणि कव्हरवाला ते लेबल खुशाल आत शिवून टाकतो. कव्हर सोडवल्याशिवाय "नाही" म्हणू नका.

तिसरा टेका लागतो तो सीट पुढे कलंडू नये म्हणून. काही सीटना वरून पट्टा असतो, तो सीटच्या पाठीमागे किंवा डिकीत अडकतो. तिथे नांगराचं चित्र असतं. चित्र नसलेल्या कुठल्याही हुकाला तो लावू नका, ते सामान बांधायचे असतात. सीएनजीची गाडी बघत असाल तर आधी डिकी उघडून बघा. टाकी पाठीला टेकून बसवलेली असली की हात आत जात नाही.

शेवटचं, आणि हे मुंबईकरांसाठीच. २६ जुलै २००५नंतर मी कलिना-कुर्ला भागात दोन महिने बुडालेल्या गाड्याच बघत होतो. धुऊन, वाळवून, पॉलिश मारून त्या विकल्या गेल्या. आजही प्रत्येक पावसाळ्यानंतर तसं होतं. मागचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारा माणूस दिसेल तेवढाच पट्टा धुतो, शेवटच्या हातभर भागात चिखलाची रेघ राहते. आणि कड्या शोधायला बोटं घालालच, तर बोटं बाहेर काढून त्यांच्याकडे बघा. बोटांवर तांबडा गंज आला, तर पाणी बैठकीपर्यंत चढलं होतं असं समजा.

---

दोन_पोरांचा_बाप

काकांनी गाडीचं सगळं सांगितलं, मी सीटचं सांगतो. पनवेलला असतो, दोन पोरं, तीन सीटा झाल्या.

बहिणीची सीट घेतलीत, चांगलं केलंत, पण दोन गोष्टी विचारून घ्या. ती सीट कधी अपघातात होती का? असेल तर फेकायची, बाहेरून कितीही चांगली दिसू दे. आणि खाली किंवा पाठीवर केशरी लेबल आहे का? त्यावर गोलात ई आणि एक आकडा असतो, शिवाय किती किलोपर्यंत चालते ते. तेरा किलोपर्यंत म्हणता म्हणजे शून्य-प्लस गटातली असणार. नऊ किलो झाले म्हणून पुढे तोंड करायची घाई नको. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची, उलटी सीट पाठीला आणि डोक्याला एकदम आधार देते.

पाय असलेल्या बेसची एक गोम आहे. तो सरसकट सगळ्या गाड्यांना चालतो असं नाही. कंपनी गाड्यांची यादी देते. यादीत गाडी हवी. काही गाड्यांच्या मागच्या जमिनीखाली पोकळ कप्पा असतो, तिथे पाय टेकला तर झाकणावर टेकतो. हे आधी बघा, नाहीतर कड्यांची गाडी घ्याल आणि बेस तिथे चालायचा नाही.

उलटी सीट पुढे, एअरबॅगसमोर, कधीही नाही. आणि मागची मधली जागा पट्ट्यासाठी टाळा, आपल्याकडच्या लहान गाड्यांत तिथे बहुतेक वेळा नुसता कमरेचा पट्टा असतो.

सासूबाईंसाठी: आमच्याही आई ऐकत नव्हत्या. सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, हे टीव्हीवर दिवसभर चाललं. त्या दिवसापासून आई स्वतः मागे बसल्यावर पट्टा मागतात. सांगून जे होत नाही ते कधी कधी बातमीने होतं.

---

जुनं_ते_सोनं

आम्ही बजाज स्कूटरवर चौघं दादरहून विरारला जायचो. मी पुढे उभा, बहीण मध्ये, आई मागे. काही झालं नाही. आताच्या आयांना नुसतं टेन्शन घ्यायला कारण हवं. साडेचार लाखांत पोरीच्या नावाने एफडी करा.

---

भांडुपची_आई

@जुनं_ते_सोनं, ज्यांना काही झालं ते इथे लिहायला येत नाहीत ना. शिवाय २०१९पासून कायद्यातच आहे, कलम १९४ ब, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड. भांडुप स्टेशनबाहेर कोणी पकडत नाही हे मलाही माहीत आहे.

@दोन_पोरांचा_बाप, बहिणीला विचारलं. अपघात नाही. केशरी लेबल आहे. यादीचं मला माहीतच नव्हतं, शोधते.

@निवृत्त_सर्व्हेयर काका, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. सव्वाशे किलोवर तो गप्प झाला. वेल्डिंगवाला बाद. या शनिवार-रविवारी गाड्या बघतोय, येऊन लिहिते.

---

भांडुपची_आई

मंडळी, तीन गाड्या बघितल्या. लांबलंय, पण तुम्ही एवढं लिहिलंत तर हिशोब द्यायला हवा.

पहिली मुलुंडला. डिझायर, "२०१७, टॉप मॉडेल, सगळे फीचर्स". खाली उतरलो तर जुना आकार. मालकांना म्हटलं, ही तर आधीची डिझायर. ते म्हणाले, "मॅडम, २०१७चीच आहे, आरसी बघा." बघितली. पासिंग जून २०१७, उत्पादन मार्च २०१७. काकांचं वाक्य जसंच्या तसं कानात वाजलं. तरी फटीत बोटं घातली. मारी बिस्किटाचा चुरा, एक रुपयाचं नाणं, एक केसाची पिन. मालकांच्या बायकोने वरच्या खिडकीतून विचारलं, "काय हरवलंय का तुमचं?" नाणं परत दिलं आणि निघालो.

दुसरी बोरिवलीला डीलरकडे. इग्निस, २०१८, एमएच ४७, तीन लाख साठ हजार. स्वस्त वाटली. नवऱ्याला रंगही आवडला, निळा. कव्हर नव्हतं, फटीत हात घातला आणि दोन्ही सळया लागल्या! पहिल्यांदाच लागल्या हो. तीन आठवड्यांनी मला माझीच दोन बोटं त्या लोखंडावर टेकलेली जाणवली आणि मी जवळजवळ ओरडले. मग बोटं बाहेर काढली. तांबडी. दोन्ही हातांची. मी काही न बोलता नवऱ्याला हात दाखवले. त्याने ड्रायव्हरच्या मागचा पट्टा पूर्ण ओढला. शेवटचा वीतभर भाग चहात बुडवलेल्या टोस्टसारखा, मध्ये सरळ रेघ. डीलर म्हणाला, "मुंबईची दमट हवा आहे, सगळ्याच गाड्यांना असं येतं." आत मोगऱ्याचा वास इतका मारला होता की मुलगी शिंकायला लागली. वीस हजार आणखी कमी करतो म्हणाला. रिक्षात बसल्यावर नवरा पाच मिनिटं निळ्या रंगाबद्दल हळहळला.

तिसरी चेंबूरला, जाहिरातीत आयसोफिक्सची टिकसुद्धा नव्हती. लिव्हा, पेट्रोल, डिसेंबर २०१७चं उत्पादन, एकच मालक. मालक सत्तरीचे, शाळेतून निवृत्त. गाडी देवनार ते दादर आणि वर्षातून एकदा नाशिक, एवढीच फिरलेली. एकोणचाळीस हजार किलोमीटर. मी विचारलं, मागच्या सीटला मुलांच्या सीटच्या कड्या आहेत का? ते म्हणाले, "नाहीत. आठ वर्षं गाडी वापरतोय, मला माहीत नसेल?" रेक्झिनचं जाड कव्हर होतं, खालून नाड्यांनी बांधलेलं. हात घालून बघितला तर नुसतं रेक्झिन. मी म्हटलं, काका, नाड्या सोडू का? त्यांना ते आवडलं नाही, पण स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. आठ वर्षांच्या गाठी होत्या. त्यांच्या पत्नीने तोवर आम्हाला कोकम सरबत दिलं आणि मुलीला मांडीवर घेतलं. पाठीकडचं कव्हर वर सरकलं आणि आत दोन छोटी लेबलं, त्यांच्यामागे सळया, शोरूममधून आल्यासारख्या चकचकीत. काकांनी चष्मा लावून वाकून बघितलं. म्हणाले, "आमचा नातू येऊन दोनदा राहून गेला. त्याच्यासाठी आम्ही पट्ट्याची वेगळी सीट भाड्याने आणली होती." मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

आम्ही बेस डिकीत घेऊनच गेलो होतो. दोन्ही जबडे लावले, टक टक, बेसवरच्या दोन्ही बारीक खिडक्या लाल होत्या त्या हिरव्या झाल्या. लिव्हाची मागची जमीन सपाट आहे, मध्ये उंचवटा नाही, पाय व्यवस्थित टेकला. जमीन ठोकूनही बघितली, पोकळ आवाज नाही. पट्टे शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ. चार लाख दहा हजारांना ठरलं. चेंबूर आणि भांडुप दोन्ही वडाळा आरटीओकडे, त्यामुळे एनओसीची भानगड नाही, फॉर्म २९ आणि ३० भरून दिले. गाडीवर कर्ज नव्हतं.

आता @दोन_पोरांचा_बाप, तुम्ही म्हणालात ती गोम. सीटच्या कंपनीची यादी काढली. मॉडेल भारताबाहेरचं, यादीत बहुतेक युरोपातल्या गाड्या. टोयोटाच्या पाच-सहा आहेत, लिव्हा नाही. कंपनीला मेल केलाय, मागच्या जमिनीचे आणि कड्यांचे फोटो जोडून. उत्तर आलेलं नाही. तोवर काय करू? बेस तर हिरवा दाखवतोय.

---

निवृत्त_सर्व्हेयर

छान केलंत, ताई. निळ्या गाडीचं दुःख यजमानांनी करू नये, तिच्या वायरिंगने वर्षभरात त्यांना रडवलं असतं.

हिरवं म्हणजे जबडे कड्यांत बसले एवढंच. पाय त्या जमिनीवर किती जोर झेलेल हे ते हिरवं सांगत नाही. उत्तर येईपर्यंत बेस काढून ठेवा आणि नुसता पाळणा गाडीच्या पट्ट्याने बांधा. तुमच्या सीटला ती सोय आहे असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. पट्टा जिथून न्यायचा त्या खाचा पाळण्यावर निळ्या रंगाने दाखवलेल्या असतात. बांधल्यावर पाळणा हाताने हलवून बघा, बोटभराहून जास्त सरकता कामा नये. आणि ते रेक्झिन तिथून काढाच, त्यावर सीट घसरते.

लिव्हाचा पट्टा पुरतो का, ते मात्र बांधूनच कळेल.

---

दोन_पोरांचा_बाप

+१. बांधताना एक गुडघा पाळण्यात दाबून मग पट्टा ओढा, ढिला राहत नाही. जाड स्वेटर वगैरे घालून बसवू नका. अर्थात मुंबईत हे सांगायची गरज नाही.

---

भांडुपची_आई

आत्ताच खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. रेक्झिन पूर्ण काढलं. निळ्या खाचा सापडल्या. नवऱ्याने गुडघा टेकला, मी पट्टा ओढला. सासूबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मग मी कुठे बसायचं?" म्हटलं, आई, तुम्ही तिच्या शेजारी, तिचं तोंड तुमच्याकडेच येतं. त्या बसल्या, स्वतःचा पट्टाही लावला, आणि मुलीने लगेच त्यांची साखळी पकडली.

पट्टा पुरला. लावून चार बोटं उरला.

कंपनीचा मेल आला तर इथे टाकते. गणपतीला अजून पाच आठवडे आहेत.